मोल्डमध्ये स्मार्ट मटेरियल: छोट्या कारखान्यात टिकतं का, कुठून सुरुवात करावी?

रबाळे_मोल्डिंग

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं इंजेक्शन मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. मुख्य काम ग्लास फिल्ड, म्हणजे काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉन ६६ चं, म्हणजे कनेक्टरच्या बॉड्या, क्लिपा, रिलेची हाउसिंग असं सगळं. त्रास असा आहे की चार कॅव्हिटीच्या, म्हणजे एका शॉटला चार पीस देणाऱ्या चार पोकळ्यांच्या एका मोल्डमध्ये अधूनमधून एकाच कॅव्हिटीत शॉर्ट शॉट येतो, शेवटची बारीक रिब पूर्ण भरत नाही, आणि ती रिब अशा जागी आहे की पीस उलटा करून उजेडात धरल्याशिवाय दिसतच नाही. रात्रपाळीत प्रत्येक पीस असा कोण धरणार? मग माल पार्टीकडे जातो, त्यांच्या असेंब्लीत लॉक बसत नाही आणि लॉट परत येतो. ऑडिटला आलेल्यांनी स्पष्टच सांगितलं की पीस चांगला की खराब हे तो मोल्डमधून बाहेर पडतानाच मशीनला कळायला हवं.

त्यानंतर एक व्हेंडर आला. त्याचं म्हणणं आता सगळं स्मार्ट मटेरियलवर चाललंय, मटेरियलच जाणतं आणि मटेरियलच जुळवून घेतं. त्याच्या पॅकेजमध्ये तीन गोष्टी आहेत: कॅव्हिटीत बसणारा पिझो प्रेशर सेन्सर, हायड्रॉलिक पंपाच्या मोटरवर व्हायब्रेशनचा सेन्सर, आणि मोल्डच्या पाण्यासाठी शेप मेमरी मिश्रधातूच्या स्प्रिंगवर चालणारा व्हॉल्व्ह, ज्याला वायर लागत नाही, पाणी तापलं की आपोआप उघडतो. कोटेशन बघून वडील म्हणाले एवढ्यात एक सेकंडहँड मशीन येईल, आणि त्यांचं चूक नाहीये.

मला खरंच समजून घ्यायचंय. यातलं स्मार्ट मटेरियल कशाला म्हणायचं आणि साधा सेन्सर कशाला? २८०-२९० डिग्रीचं नायलॉन, जुलैतली आपल्याकडची हवा, दिवसातून एखाददा लाइट जाणं, यात हे टिकतं का? आणि सगळं एकदम घ्यायची ऐपत नाही, तर पैसे आधी कशात घालू?

वागळे_टूलरूम

दादा, तिन्ही गोष्टी एकाच पोत्यात घालू नका, तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. मी वागळे इस्टेटला टूलरूममध्ये आहे, प्रेशर सेन्सरवाले मोल्ड बनवलेत आणि दुरुस्तही केलेत, म्हणून पहिल्या वस्तूबद्दल लिहितो.

पिझो म्हणजे असा क्रिस्टल की ज्याच्यावर दाब आला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलेली गोष्ट आहे ही. कॅव्हिटीच्या सेन्सरमध्ये बहुतेक क्वार्ट्झ असतं कारण ते कडक आहे, तापमानाने फारसं बदलत नाही आणि वर्षानुवर्षं तसंच वागतं. नायलॉनच्या तापमानाची काळजी करू नका, हे सेन्सर वितळलेल्या प्लास्टिकला तोंड द्यायलाच बनवलेले असतात. यात दाब ओळखण्याचं काम मटेरियल स्वतः करतं, त्यामुळे त्याला स्मार्ट मटेरियल म्हणायला हरकत नाही, पण जुळवून घेण्याचं काम ते करत नाही, ते तुमच्या कंट्रोलरला किंवा माणसाला करावं लागतं. व्हेंडर हे दोन्ही एकत्र करून सांगतात.

आता तुमच्या रिबचं. सेन्सर गेटजवळ, म्हणजे माल कॅव्हिटीत शिरतो त्या तोंडाजवळ लावला तर स्विचओव्हर, म्हणजे स्पीडवरून होल्डिंग प्रेशरवर कधी जायचं, ते छान पकडता येतं. पण शॉर्ट शॉट पकडायचा असेल तर सेन्सर भरण्याच्या शेवटच्या टोकाला हवा, त्या रिबच्या जवळ. चांगल्या शॉटला स्क्रीनवर काय दिसतं: सुरुवातीला रेष सपाट, माल तिथे पोचला की एकदम उभी चढते, माथ्यावर थोडी रेंगाळते आणि गेट गोठल्यावर हळूहळू उतरते. शॉर्ट शॉटला ती चढतच नाही, किंवा उशिरा आणि अर्धवट चढते. एकदा बघितलंत की ऑपरेटरलाही शिकवावं लागत नाही, लांबून कळतं. गेटजवळच्या सेन्सरला मात्र हा फरक बऱ्याचदा दिसत नाही, कारण तिथे दाब येऊन गेलेला असतो. म्हणून कोटेशनमध्ये सेन्सरची जागा लिहिलेली आहे का ते आधी बघा, नुसतं "एक नग सेन्सर" असं असेल तर परत पाठवा.

टिकण्याचं म्हणाल तर क्रिस्टल मरत नाही, कनेक्टर मरतो. क्वार्ट्झमधून येणारा चार्ज पिकोकूलोंबमध्ये असतो, इतका थोडा की केबल आणि कनेक्टरचं इन्सुलेशन टेराओहममध्ये असावं लागतं. कुणी मोल्ड उतरवताना कनेक्टर उघडा ठेवला, त्यावर रिलीज स्प्रे उडाला किंवा घामाचं बोट लागलं, की चार्ज तिथूनच गळतो आणि रेष आपोआप सरकायला लागते. पावसाळ्यात तर जास्तच. मोल्ड रॅकवर गेला की कनेक्टरला टोपण, लावायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, एवढं शिस्तीने केलं तर काही होत नाही. हा बारीक चार्ज वाचण्याजोगा करणारा चार्ज अँप्लिफायर प्रत्येक शॉटच्या आधी झीरो होतो का तेही विचारा, कारण पिझोला बदलता दाब चांगला कळतो, तासनतास स्थिर राहिलेला दाब त्याला मोजता येत नाही.

पावणे_प्लास्टिक

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. एकाच कॅव्हिटीत शॉर्ट येतोय ना? मग आधी त्या कॅव्हिटीचे व्हेंट उघडून बघा. नायलॉनचा गॅस बसून व्हेंट बुजतात, हवा बाहेर पडायला जागा राहत नाही आणि शेवटची रिब रिकामी राहते. दुसरं म्हणजे ग्लासमुळे गेट झिजतात आणि चारही सारखे झिजत नाहीत. चार कॅव्हिटीचे पीस एकाच शॉटचे घ्या, वजन करा, फरक लगेच दिसेल.

आणि ड्रायर. सगळ्यांना माहितीय की नायलॉन ६६ मध्ये ओलावा ०.२ टक्क्यांच्या खाली पाहिजे. पण उलटंही होतं हे लोक विसरतात, सुट्टीच्या आधी हॉपर भरून ठेवला आणि माल ड्रायरमध्ये खूप वेळ पडला तर तो गरजेपेक्षा कोरडा होतो, घट्ट वाहतो, आणि मग जी रिब काठावर भरत होती ती भरत नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत रिजेक्शन जास्त येतं का ते रजिस्टरमध्ये बघा. मोल्ड बिघडलेला असताना त्यात महागडा सेन्सर बसवला तर तो फक्त बिघडलाय एवढंच सांगत राहील.

ऐरोली_धातू

पावणेवाल्या दादांशी सहमत, पण ऑडिटवाल्यांची अट व्हेंट साफ करून पूर्ण होत नाही, तेही खरं.

मी तिसऱ्या वस्तूबद्दल लिहितो, शेप मेमरीवाला व्हॉल्व्ह. शिक्षण धातुशास्त्राचं, काम हीट ट्रीटमेंटचं, आणि हा माझा आवडीचा विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

मूळ मिश्रधातू नितिनॉल, निकेल आणि टायटॅनियम जवळपास अणूला अणू. १९५९ पासून विल्यम ब्यूलर अमेरिकेच्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीत त्यावर काम करत होते. गार असताना त्याची अंतर्गत रचना मार्टेन्साइटची असते, तेव्हा ते मऊ, वाकवलं की वाकून राहतं. तापवलं की ऑस्टेनाइट होतं आणि मूळ आकारात परत येतं, आणि नुसतं येत नाही तर जोर लावत येतं. त्याचा पहिला मोठा उपयोग एफ-१४ लढाऊ विमानाच्या हायड्रॉलिक पाइपांच्या जोडांना झाला: जोडाची नळी द्रव नायट्रोजनच्या थंडीत फुगवायची, थंडच ठेवून पाइपांवर सरकवायची आणि सोडून द्यायची. ती खोलीच्या तापमानाला आली की आक्रसून पाइप असा आवळते की वेल्डिंगची गरजच नाही. मला आजही हे भारी वाटतं. सेन्सर नाही, वायर नाही, पीएलसी म्हणजे मशीनचा कंट्रोलर नाही, जाणणं आणि हलणं एकाच तुकड्यात. रबाळेकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच, जिथे हे दोन्ही एकाच मटेरियलमध्ये होतं ते पूर्ण अर्थाने स्मार्ट, बाकीच्यांना मदत लागते.

पण तुमच्या पाण्याला तो व्हॉल्व्ह घेऊ नका, निदान हे प्रश्न विचारल्याशिवाय तरी नको. पहिला, रूपांतराचं तापमान किती. निकेलचं प्रमाण ०.१ अणुटक्का हललं तरी हे तापमान साधारण १० डिग्रीने सरकतं, वर स्प्रिंगला दिलेल्या हीट ट्रीटमेंटनेही सरकतं. त्यामुळे "८० डिग्रीला उघडतो" हे तोंडी चालणार नाही, त्या बॅचचा डीएससी रिपोर्ट मागा, म्हणजे नमुना तापवून-गार करून रूपांतर नेमकं कुठे होतं ते मोजल्याचा, एएसटीएम एफ२००४ ही त्या चाचणीची पद्धत आहे. दुसरा, हिस्टरेसिस. साध्या नितिनॉलला तापताना आणि गार होताना वेगवेगळं तापमान लागतं, २०-३० डिग्रीचा फरक सहज असतो. म्हणजे ८५ ला उघडला तर बंद व्हायला ६० च्या आसपास यायला हवं, तेवढ्यात तुमच्या मोल्डचं तापमान खाली-वर होऊन कनेक्टरची मापं बिघडली. एक उपाय आहे, आर-फेज नावाच्या रूपांतरावर चालणारी स्प्रिंग, तिचा फरक दोनेक डिग्रीवर येतो आणि गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळांसाठी ती वापरलेलीही आहे, पण तिची हालचाल लहान असते, ताण एक टक्क्याच्या आत धरावा लागतो. तिसरा, वरची मर्यादा. फक्त निकेल-टायटॅनियम असेल तर रूपांतर १०० डिग्रीच्या आसपास संपतं, आणि ग्लास फिल्ड नायलॉनचा मोल्ड तुम्ही ८०-९० ला चालवत असाल, म्हणजे काठावरच आलात.

लोक अजून एक धरत नाहीत, क्षार. कूलिंग टॉवरच्या पाण्यात स्प्रिंगवर पांढरा थर बसला की उष्णता पोचायला वेळ लागतो आणि व्हॉल्व्ह उशिरा जागा होतो. मोल्ड टेंपरेचर कंट्रोलर तुमच्याकडे असेलच, तो हे काम आधीपासून नीट करतोय.

कोपरखैरणे_मेंटेनन्स

ऐरोलीचे सर छान लिहिलंत. मी महाप्याला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघते, आणि रबाळेकर दादा, मला वाटतं सगळ्यात स्वस्त स्मार्ट मटेरियल तुमच्या कारखान्यात आधीच येऊन पडलंय आणि बहुतेक जोडलेलं नाहीये.

हायड्रॉलिक पंपाच्या मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडून बघा, अर्थात आयसोलेट करून आणि लॉक लावून. तीन जाड केबलींच्या बाजूला दोन बारीक वायरी गुंडाळून ठेवलेल्या किंवा टीपी१ टीपी२ अशा टर्मिनलवर दिसल्या तर त्या पीटीसी थर्मिस्टरच्या आहेत. वाइंडिंगच्या आत, तिन्ही फेजमध्ये एकेक दाणा बसवलेला असतो, सिरीजमध्ये जोडलेला. मटेरियल बेरियम टायटॅनेटचं सिरॅमिक. ठरलेल्या तापमानापर्यंत त्याचा रेझिस्टन्स कमी असतो आणि ते तापमान आलं की अचानक कित्येक पटींनी चढतो. घरातल्या डास पळवायच्या बऱ्याच मशीनमध्येही हाच सिरॅमिकचा दाणा असतो, जास्त तापला की स्वतःच करंट कमी करतो, म्हणून त्याला थर्मोस्टॅट लागत नाही. ऐरोलीच्या सरांच्या व्याख्येत हा बसतो, डासांच्या मशीनमध्ये तो एकटाच जाणतो आणि एकटाच आवरतो. मोटरमध्ये मात्र त्याला पॅनलमध्ये एक थर्मिस्टर रिले लागतो, तो काही फार महाग नाही.

याचं महत्त्व कुठे, तर तुम्ही नंतर ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं युनिट, बसवला असेल तिथे. ड्राइव्हवर मोटर कमी स्पीडने चालते, तिचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, वाइंडिंग तापतं, आणि ओव्हरलोड रिले फक्त करंट बघत असल्यामुळे त्याला यातलं काही कळत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली हे फार होतं.

एक कळकळीची सूचना. या दोन वायरींवर मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं जास्त व्होल्टेजचं मीटर, लावू नका. दाणा जातो आणि तो बदलायचा म्हणजे मोटर रिवाइंडिंग. साध्या मल्टिमीटरने बघा, मोटर गार असताना तिन्ही मिळून ७५० ओहमच्या आत यायला हवं. त्याहून खूप जास्त किंवा ओपन दाखवलं तर आधी वायर तुटली आहे का बघा.

व्हायब्रेशन सेन्सरबद्दल थोडक्यात. आत पिझो सिरॅमिकच असतं, पण अँप्लिफायर सेन्सरच्या आतच असलेला प्रकार घ्या, त्याला आयईपीई म्हणतात. वागळेच्या दादांनी सांगितलेला कनेक्टरचा त्रास त्याला फार कमी, कारण बाहेर येतो तो व्होल्टेजचा दणकट सिग्नल. आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे फार गरम जागी चालत नाही, साधारण १२० डिग्रीपर्यंत, मोटरच्या बॉडीला पुरेसं आहे. चुंबकाने चिकटवण्यापेक्षा स्टडने बसवा. पण एकाच मोटरसाठी कायमचा बसवण्यापेक्षा हातात धरायचं मीटर घेऊन ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी रीडिंग घेतलंत तरी बेअरिंगची चाहूल लागते. हे पैसे मी मागे ठेवले असते.

रबाळे_मोल्डिंग

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समोर बसूनही समजावलं नव्हतं. ताई, सुट्टीच्या दिवशी इलेक्ट्रिशियनला घेऊन टर्मिनल बॉक्स उघडतो, आमच्या दोन मशीनवर नंतर ड्राइव्ह बसवलेत, तिथूनच सुरुवात करतो. पावणेचे दादा, रजिस्टर काढलं. सुट्टीनंतरच्या पाळीचं रिजेक्शन खरंच जास्त दिसतंय, ड्रायरचं बघतो आणि व्हेंटही साफ करून घेतो. व्हॉल्व्ह कोटेशनमधून काढायला सांगितलाय.

उरला कॅव्हिटी सेन्सर. तो घ्यायचा विचार पक्का होतोय पण दोन शंका आहेत. चारही कॅव्हिटीत लावायचा की त्रास देणाऱ्या एकीतच? आणि व्हेंडर म्हणतो कॅव्हिटीत भोक पाडायला नको, इजेक्टर पिनच्या, म्हणजे पीस बाहेर ढकलणाऱ्या पिनच्या मागे बसवू, स्वस्तही पडेल. ते चालतं का?

वागळे_टूलरूम

पिनच्या मागचा प्रकार चालतो, पण तो पिनवर आलेला जोर मोजतो. पिन भोकात अगदी मोकळी सरकली तरच तो जोर खरा. ग्लास फिल्ड मालात पिनच्या भोकात बारीक फ्लॅश, म्हणजे फटीत शिरलेलं प्लास्टिक, आणि ग्लासची पूड अडकते, पिन घासायला लागते, आणि मग थोडा दाब पिनच खाऊन टाकते, सेन्सरला कमी दिसतो. आज चांगला पीस खराब ठरेल, उद्या खराब चांगला. तुमच्या मालाला मी थेट कॅव्हिटीत बसणारा सांगेन. त्याचा पीसवर छोटा गोल ठसा उमटतो, पण कनेक्टरच्या आतल्या बाजूला असेल तर पार्टीला चालतो, आधी लेखी विचारून घ्या. भोक कुठे घ्यायचं ते मोल्डचं ड्रॉइंग बघितल्याशिवाय सांगणार नाही, वॉटर लाइन जवळ असली तर जागा बदलावी लागते.

किती कॅव्हिटीत, तर पार्टीला प्रत्येक पीसची खात्री हवी असेल तर शेवटी चारही लागतील, एका कॅव्हिटीची रेष दुसरीबद्दल काही सांगत नाही. पण सुरुवात त्रास देणाऱ्या एकीपासून करा आणि अँप्लिफायर मात्र चार चॅनेलचा घ्या, नाहीतर नंतर तो परत घ्यावा लागेल. व्हेंट आणि ड्रायर ठीक झाल्यावर चांगल्या शॉटच्या रेषा साठवा, आणि मुद्दाम मालाचं प्रमाण कमी करून थोडे शॉर्ट शॉट काढा, त्यांच्याही साठवा. लिमिट या दोन्हींच्या मधे लावायची, व्हेंडरच्या लॅपटॉपवरची तयार लिमिट घेऊ नका.

पावणे_प्लास्टिक

आणि खराब पीस वेगळा कसा पडणार ते कोटेशनमध्ये आहे का? स्क्रीनवर लाल दिसलं आणि पीस त्याच क्रेटमध्ये पडला तर पार्टीकडे तोच जाणार.

रबाळे_मोल्डिंग

नाहीये. फक्त अलार्म आणि हूटर लिहिलाय.

वागळे_टूलरूम

मग ते आधी घालून घ्या. मशीनखाली घसरगुंडीवर न्युमॅटिक फ्लॅप बसवा, कंट्रोलरच्या आउटपुटवर. फ्लॅपची नेहमीची जागा रिजेक्ट क्रेटकडे ठेवायची, आणि ज्या ज्या कॅव्हिटीत सेन्सर आहे त्या सगळ्यांचा चांगला सिग्नल आला तरच तो त्या शॉटपुरता चांगल्या क्रेटकडे वळेल असं वायरिंग करायचं. सध्या एकच सेन्सर असेपर्यंत बाकी तीन कॅव्हिटीचं तपासणं हातानेच.

रबाळे_मोल्डिंग

आणि मधेच एअर गेली किंवा केबल सुटली तर?

वागळे_टूलरूम

सिलिंडर स्प्रिंग रिटर्नचा घ्या. एअर गेली, केबल सुटली, लाइट गेली, काहीही झालं तरी स्प्रिंग फ्लॅपला रिजेक्टच्या बाजूला आणेल. चार चांगले पीस रिजेक्टमध्ये गेले तर सकाळी निवडून परत घेता येतात. ड्रॉइंग घेऊन वागळेला या, जागा सोबत बसून ठरवू.